कोरडा कापूस, ओला कापूस

पस्तीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात काढली, त्यातली निम्मी गरम हवेवर. हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, "प्रल्हादभाऊ, गरम हवेवर तर पुढारीसुद्धा जगतात." हसा बाप्पा! पण पुढाऱ्याच्या हवेनं कधी काही जोडलं गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. माझ्या हवेनं जोडलेले फोन अकोला-बाळापूरकडे अजून कुठे ना कुठे वाजत असतील. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून दुकान बंद केलं आहे. अंकासाठी धंद्यातलं काही लिहून द्या, असं एका ओळखीच्यानं म्हटलं, म्हणून बसलो आहे. मी तसा तिरसट माणूस. लिहिण्यातही तो तिरसटपणा दिसला तर चालवून घ्या.

मूळचा मी अमरावतीचा. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचो. त्या कामात तापलेल्या टोकाची दांडी हातात धरायची, कथील वितळवायचं आणि तार चिकटवायची. पार्ट एवढाले मोठे, की आंधळाही चाचपडून बसवेल. पुढे लोक टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेऊ लागले आणि माझ्यावर माशा मारायची पाळी आली. तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी मोबाइलचं काम शिकायला अकोल्याला रफिकभाईंकडे आलो. बायको म्हणाली, "या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसता काय?" बसलो. काय करता!

रफिकभाई घराण्याचे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावायची सवय बापापासूनची, हात असा की त्यावर पाण्याचा ग्लास ठेवावा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मोबाइलची पाटी दाखवली, म्हणजे आतला हिरवा बोर्ड. त्यावर तिळाएवढे, मोहरीएवढे पार्ट. मोठी चिप असेल तर तिचे पाय बाहेर नाहीत, सगळे पोटाखाली. शंभरेक पाय, आणि एकालाही दांडी लागत नाही. मी म्हणालो, "रफिकभाई, हे काढाचं कसं?" त्यांनी एक डबा पुढे सरकवला. त्याला दोन बटनं, एक नळी आणि नळीच्या टोकाला पिचकारीसारखी मूठ. एका बटनानं उष्णता कमीजास्त होते, दुसऱ्यानं वारा. धंद्यात याला एसएमडी म्हणतात. त्याचा पूर्ण अर्थ मी बऱ्याच मेकॅनिकांना विचारला, एकालाही आला नाही, मलाही येत नाही.

काम सांगायला सोपं आहे. चिपवर गोल गोल गरम हवा मारायची. खालचं कथील वितळलं की ते पाण्यासारखं चमकतं आणि चिप त्यावर तरंगते. चिमट्यानं उलुसा, अगदी हलका धक्का दिला तर ती हलते आणि आपल्या जागेवर परत येऊन बसते. तेव्हाच उचलायची. आधी उचलली तर खालचे तांब्याचे ठिपके उपटून येतात. उशीर केला तर चिप पापडासारखी फुगते. तिथं पुन्हा दुसरी बसवायची तीही अशीच, हवेवर. रफिकभाईंचा नियम तीन शब्दांचा होता, "ब्रश, चिमटा, हवा." आधी बोर्ड घासून धुवायचा, मग आत काय आहे ते चिमट्यानं नीट तपासायचं, हवा सगळ्यात शेवटी. मी घाई केली की ओरडायचे, "कायकू उडता बे? हवा तेरी नौकर नहीं है!"

त्यांचं न ऐकल्याची एक आठवण आजही टोचते. रफिकभाईंच्या समोरच मी स्वतःचं दुकान टाकलं होतं, तिथं बाळापूरकडचा एक बँडवाला फोन घेऊन आला. ऐन लग्नसराई. कोणत्या गावात कोणाची वरात, कोण नवरदेवाचा काका, कोण गडी वाजवायला येणार, सगळे नंबर त्या फोनच्या पोटात. मी शेजारची चिप काढताना हवा जास्त मारली आणि मेमरीची चिप भाजली. फोन सुरू झाला, पण आतून कोरा करकरीत. त्या माणसानं शिवी दिली नाही. तो आपला क्लॅरिनेट घेऊन चार दिवस माझ्या दुकानासमोर बसला. म्हणे, "आता इथंच वाजवतो राज्या. ज्याले आमची आठवन असन थो इथंच येईन." सगळी गल्ली त्याचं वाजवणं ऐकत होती आणि मी आत घाम पुसत होतो. फोनमधला फोन दुरुस्त करता येतो, आतलं गेलेलं परत आणता येत नाही, हे मी त्या क्लॅरिनेटवर शिकलो.

आता ज्या बाईसाठी हे लिहायला घेतलं, तिचं सांगतो.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्या जिल्ह्यांची नावं आणि त्यापुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा. घरातला माणूस तासभर उशिरा आला तरी बाया विहिरीकडे बघून यायच्या. त्या पावसाळ्यात बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्याची मंदाबाई माझ्या दुकानात आली. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, आवाज खणखणीत. एका हातात चालू फोन घट्ट धरलेला. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कापसाचा बोळा आणि बोळ्याच्या आत दुसरा फोन.

"भाऊ, हा सुरू करून द्या. आजच पायजे."

"ठेवून जा. परवा या."

"परवा नाही, आज. मी इथंच बसतो."

आमच्याकडे बायाही 'बसतो, करतो, जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या लोकांना ते कानाला खुपतं, खुपू द्या. मी चिडून म्हणालो, "बाई, अशी काय आग लागली?" तेव्हा तिनं सांगितलं.

तिच्या नवऱ्याचं, गुणवंतरावांचं, गावात छोटं कृषी केंद्र. खत, बियाणं, फवारणीचं औषध. त्या वर्षी त्यांनी एका नव्या कंपनीचं कपाशीचं बियाणं गावाला दिलं. "माह्या जबाबदारीवर घ्या" असं तोंडानं सांगून दिलं. ते उगवलंच नाही. वरून आलेली पाकिटंच बोगस होती, पण गाव कंपनीला कुठे शोधणार? गाव दुकानात आलं. कोणी मारलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. तुकाराम नावाच्या एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "गुणवंता, तूसुदा?" दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी शटर ओढलं, मोबाइल घरीच ठेवला, खांद्याला कापडी पिशवी अडकवली, "अकोल्याले जाऊन येतो" म्हणाले आणि गेले. त्याला सात दिवस झाले होते.

"मोबाइल काहून ठेवून गेले?" मी विचारलं.

"थेच तं," ती म्हणाली. माल आणायला अकोल्याला जाताना ते फोन दुकानात तिच्याकडे ठेवून जात, गिऱ्हाइकांचे फोन यायचे म्हणून. पण या वेळी तर शटरच ओढलेलं होतं.

अशा फेऱ्यांसाठी त्या नवरा-बायकोनं एक रीत ठरवली होती. त्या काळी सगळ्यांच्याच अशा रिती होत्या. पोचल्यावर रुपया टाकायच्या डब्याच्या फोनवरून मिस कॉल द्यायचा. एक रिंग देऊन ठेवून दिलं तर 'पोचलो'. दोनदा दिलं तर 'येतो', म्हणजे निघालो, भाकरी टाक.

दोन दिवसांपूर्वी मंदाबाई अंगणात भांडी घासत होती. फोन टाक्याच्या काठावर ठेवलेला, घंटीचा आवाज कधीचाच बिघडलेला, नुसता थरथरणारा. नळाच्या धारेत तिला आधी काही ऐकू आलं नाही. एकदम घर्र झालं आणि मागोमाग डुबुक! थरथरत थरथरत फोन टाक्यात गेला होता. तिनं तो काढला, शेजारीण म्हणाली कापसात ठेव, तिनं उशी फाडून त्यात ठेवला. सिम काढून शेजारणीच्या फोनमध्ये टाकलं. त्यावर पुन्हा फोन आलाच नाही.

"थो त्याहिचाच फोन होता," ती म्हणाली. "कुठून केला थे आत लिहून असन ना? ठाण्यात गेलो तं म्हणे कंपनीकडून यादी यायले आठ-दहा दिवस लागतीन. आठ दिवस मी काय करू, भाऊ?"

माझा परवाचा वायदा घशातच राहिला. मिस कॉलची यादी त्या फोनच्या मेमरीच्या चिपमध्ये असते. म्हणजे पुन्हा तीच चिप, पुन्हा तोच बँडवाला.

फोन उघडला. मीटर लावला तर बोंबलायलाच लागला, म्हणजे आत शॉर्ट. करंट वाटणारी चिप पाण्यानं गेलेली. ती एका पत्र्याच्या टोपणाखाली होती आणि मेमरी तिला अगदी खेटून. आधी टोपण हवेनं काढायचं, मग चिप काढून एखाद्या मेलेल्या बोर्डावरची चांगली चिप तिथं बसवायची. बाई डोक्यावर उभी. चालू फोन तिनं दोन्ही हातांत धरलेला. मी सरळ हवा सुरू केली. ब्रश नाही, चिमटा नाही.

टोपणाच्या कडेनं धूर आला. मला वाटलं, कथील धरावं म्हणून लावतात त्या पेस्टचा असेल. मग जुनी गोधडी जळावी तसा वास आला आणि टोपणाच्या फटीतून चक्क ज्योत निघाली! एवढीशीच, पण ज्योत. मंदाबाई किंचाळली, "अवं माय! पेटला!" मी टेबलावरचा ओला स्पंज त्यावर दाबला. विझलं.

"आत कापूस कोनं भरला?" मी तिच्यावर ओरडलो.

"म्याच! ओल्या फोनले काय पाण्यात ठेवू? कापूस पानी सोकते, सारं गाव तसंच करते!"

"सारं गाव भैताड हाये!"

"गाव भैताड असन, पन तुमी तं शिकेल हा ना? उघडल्यावर नीट पाहिलं काहून नाही?"

आमच्या भागात ओला फोन हमखास कापसात नाहीतर सरकीत ठेवतात, हे मला ठाऊक होतं. टाक्यात पडलेला फोन आला की तंतू शोधायचे, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवत होतो. चूक सोळा आणे माझी होती. माझा हात कापायला लागला. खोटं कशाला बोलू, पार हवा टाइट झाली. बोर्ड तसाच उचलला आणि समोर रफिकभाईंच्या दुकानात गेलो. मंदाबाई मागे मागे.

रफिकभाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी बोर्ड नाकाजवळ नेला आणि वास घेतला. मी म्हणालो, "रफिकभाई, हे तुमी करा. माह्याच्यानं होत नाही." मग त्यांना गुणवंतरावांचं सांगितलं.

"मेरे को दिखता नहीं, तेरा हाथ हिलता," ते म्हणाले. "दो आधे मेकॅनिक मिलके एक बनाते. तू बस. आधी ब्रश."

या वेळी अर्धवट सुटलेलं टोपण काढलं, ब्रशनं घासलं, धुतलं, चिमट्यानं एकेक तंतू वेचून काढला. मेमरीची चिप वरून तरी काळी पडलेली नव्हती. रफिकभाईंनी मंदाबाईला विचारलं, "बहन, वो कापूस है क्या उरलेला?"

ती दचकली. "अजून कापूस? एकडाव पेटला ना!"

"कोरडा पेटता. ओला बचाता."

पिशवीतल्या त्याच उशीच्या कापसाचा त्यांनी बोळा केला, पाण्यात बुडवला, पिळला आणि चिमट्यात धरून, मी सांगत गेलो तसा, मेमरीच्या चिपवर अलगद टेकवला. शेजारी हवा चालू असताना ती चिप थंड राहावी म्हणून. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण चिमटा धरलेला तो हात दगडासारखा स्थिर होता. मी हवा सुरू केली. गोल, गोल. ओल्या कापसातून वाफ निघायला लागली. कथील चमकलं, चिप तरंगली, मी उचलली. जागा साफ केली, पेस्ट लावली, दुसरी चिप ठेवली आणि पुन्हा हवा. चिमट्याचा धक्का दिला, ती हलली आणि आपल्या जागी येऊन बसली.

"आ गई," रफिकभाई न बघताच म्हणाले.

बॅटरी लावली. बटन दाबलं. पडदा उजळला! मी ओरडलोच. पण काम संपलं नव्हतं. त्या जातीच्या फोनमध्ये दुसरं सिम घातलं की जुनी यादी पुसली जायची. त्याला त्याचंच सिम पाहिजे. ते शेजारणीच्या चालू फोनमध्ये, मंदाबाईच्या मुठीत. मी हात पुढे केला, तिनं मूठ मागे घेतली.

"आन् तेवढ्यात त्याहिचा फोन आला तं?"

काय सांगणार? येऊही शकत होता. रफिकभाई हळूच म्हणाले, "ताई, दो मिनिट. मी घड्याळ बघतो." तिनं डोळे मिटले आणि फोन माझ्या हातात दिला. मी सिम काढून जुन्या फोनमध्ये घातलं. फोन सुरू झाला, मी मिस कॉलची यादी उघडली. होती! सगळ्यात वर एकच अनोळखी नंबर. सुरुवातीचा कोड पाहिला.

"हा चिखलदऱ्याचा हाये."

ती स्टुलावर बसली. "चिखलदऱ्याले आमचं कोनीच नाही. तिथं दऱ्याच हायेत, भाऊ."

वेळ बघायला मी त्या यादीत आणखी आत शिरलो. एकाच नंबरावरून दोन कॉल, एका मिनिटाच्या अंतरानं. "दोन रिंगा हायेत, ताई. दोन म्हणजे 'येतो' ना? निघाले ते!"

मला वाटलं ती खूश होईल. तिचा चेहरा आणखी उतरला. "दोन दिवस झाले त्याले. चिखलदऱ्यावरून यायले दोन दिवस लागतात काय?" मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मानूस जायच्या वक्तीसुदा 'येतो'च म्हनते. 'जातो' कोनी म्हनते काय?"

लहानपणापासून आपण सगळे उंबऱ्यातून निघताना 'येतो' म्हणतो, तो शब्द किती दुधारी आहे हे मला त्या दिवशी कळलं. रफिकभाईंनी टेबलावरचा लँडलाइन फोन माझ्याकडे सरकवला. मी नंबर फिरवला. सहा-सात रिंगा झाल्या. मग कोणीतरी उचलला. मागे कपबशांचा आवाज.

"हॅलो, हा नंबर कुठचा हो?"

"एसटी स्टँडवरचं चहाचं दुकान. कोन पायजे?"

"दोन दिवसांपूर्वी तुमच्याइथून एका माणसानं फोन केला होता. पन्नाशीचा, खांद्यावर कापडी पिशवी..."

"थो अकोल्याकडचा? इथंच बसून हाये ना बाप्पा! रोज सकाळी येते, बस लागली की उठते, दारापर्यंत जाते आन् वापस येऊन बाकावर बसते. आमी म्हनलं याले घाटाचं भेव वाटते. देऊ काय?"

रिसिव्हर मंदाबाईच्या कानाला लावला.

पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिचं तेवढं ऐकलं. आधी तिनं पदर तोंडात धरला. मग एकदम तिचा आवाज सुटला. "दोन रिंगा देल्या ना तुमी? दोन रिंगा म्हंजे काय? मंग बसा ना बसमंदी! ... तोंड दाखवाची लाज? अन् मले नाही लाज? सात दिवसांपासून विहिरीत डोकावून राहिलो मी! ... गाव? गाव दुबार पेरून राहिलं. अन् थो तुकाराम म्हतारा रोज येऊन इचारते, गुणवंता आला काय म्हनून. त्याले मी काय सांगू? ... मले काही सांगू नोका. या." रिसिव्हर ठेवता ठेवता परत उचलून म्हणाली, "अन् घाटात डोळे मिटून बसजा, मळमळ होते तुमाले."

रफिकभाई डोळ्यांवरचं भिंग पुसत होते. मोतीबिंदूनं पाणी येतं म्हणाले. मी ढसाढसा रडलो, मला मोतीबिंदू नव्हता.

जाताना तिनं माझा नंबर मागून घेतला. "थे घरी पोचले का तुमालेबी एक देतो." मग दारात थांबून म्हणाली, "येतो, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या बोर्डावर हवा मारत होतो. रफिकभाई चहा घेऊन माझ्याकडे आले होते. टेबलावरचा माझा मोबाइल वाजला. पडद्यावर मंदाबाईचा नंबर. एक रिंग झाली आणि तुटली.

"फोन उठा ना बे," रफिकभाई म्हणाले.

"उचलाचा नसते. थांबा."

आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. दुसरी रिंग येऊ नये म्हणून मी जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडले, तेही एका हातात हवेची मूठ धरून. एक मिनिट गेलं. दोन गेली. चहावर साय आली. फोन गप्प तो गप्पच.

"पोचले," मी म्हणालो.

तेवढ्या वेळात माझ्या हातातल्या हवेखाली त्या गिऱ्हाइकाची चिप पापडासारखी टम्म फुगली होती. रफिकभाईंनी ती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडले नाहीत.